वर्गात बोलायचे कोणी?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले की भोर तालुक्यातील किकवी हे गाव लागते. पुढे सारोळ्याजवळ नीरा ओलांडली की शिरवळची औद्योगिक वसाहत आणि सातारा जिल्हा सुरू होतो. एका बाजूस पुण्यासारखी विद्यानगरी, दुसऱ्या बाजूस कारखाने आणि पश्चिमेस राजगड-तोरण्याचा मावळ, अशा ठिकाणी वसलेल्या या गावांतील पालकांच्या शाळेकडून दोन साध्या अपेक्षा असतात. मुलाने चांगले शिकावे आणि चार लोकांत उठून धिटाईने बोलावे. पहिल्या अपेक्षेची चर्चा सर्वत्र होते. तिच्यासाठी परीक्षा आहेत, गुणपत्रके आहेत, शिकवण्या आहेत. दुसऱ्या अपेक्षेचे शिक्षण शाळेच्या वेळापत्रकात नेमके कोणत्या तासाला होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आणि तरीही फळ मात्र प्रत्येकाला हवे असते. दहावी-बारावीला उत्तम गुण मिळवून पुण्याच्या महाविद्यालयात गेलेला मावळातील मुलगा तेथे मागच्या बाकावर गप्प बसतो. यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेला तरुण मुलाखतीत दोन वाक्यांनंतर अडखळतो. मग आपण त्याला 'न्यूनगंड' असे नाव देऊन मोकळे होतो. वस्तुतः हा मुलगा जन्मतः अबोल नसतो. शाळेत येण्यापूर्वी त्याने घरी आजीला प्रश्न विचारून भंडावून सोडलेले असते, भावंडांशी कडाकडा भांडलेले असते, गाईगुरांपासून ओढ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याचे स्वतःचे असे मत असते. हा बोलका जीव दहा-बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर मुका होऊन बाहेर पडत असेल, तर ते मौन त्याला कोणी शिकवले?

घुमणारा एकच आवाज

या प्रश्नाचे उत्तर वर्गातच शोधावे लागते. प्रार्थना होते, हजेरी होते आणि पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत बहुतेक वर्गांत एकच आवाज घुमत राहतो. मुलांचा आवाज ऐकू येतो तो प्रायः तीन प्रसंगी: 'हजर' म्हणताना, 'समजले का?' या प्रश्नाला 'हो' म्हणताना आणि सामूहिक पठणाच्या वेळी. पाढे, श्लोक, कविता यांचे पाठांतर स्मरणासाठी आणि वाणीच्या शुद्धतेसाठी आवश्यकच आहे. पाठांतराची टवाळी करण्याची जी रीत शिक्षणक्षेत्रात रूढ झाली आहे, ती सर्वथा अनाठायी होय. परंतु पठणात कंठ मुलांचा असला तरी शब्द पुस्तकाचे असतात. त्याला मुलांचे बोलणे समजणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक करून घेणे आहे.

वर्गातील बोलण्याचे मोजमाप करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ नेड फ्लँडर्स यांनी केला. त्यांच्या पद्धतीत निरीक्षक वर्गात बसून दर ३ सेकंदांनी एक नोंद करतो. नोंदींचे एकूण १० प्रकार आहेत. त्यांपैकी ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि १ शांततेचा किंवा गोंधळाचा. या निरीक्षणांतून त्यांनी मांडलेला 'दोन-तृतीयांशांचा नियम' प्रसिद्ध आहे. वर्गातील सुमारे दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते, त्या बोलण्याचा दोन-तृतीयांश भाग शिक्षकाचा असतो आणि शिक्षकाच्या बोलण्याचा दोन-तृतीयांश भाग माहिती देणे, आज्ञा करणे व चुका काढणे यांत खर्च होतो.

हे गणित आपल्या शाळेला लावून पाहावे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेसाठी एका शिक्षकामागे ३० मुले हे प्रमाण धरले आहे. तास ३५ मिनिटांचा मानला तर या नियमानुसार सर्व विद्यार्थ्यांच्या मिळून वाट्याला पावणेआठ मिनिटे येतात. ती ३० मुलांत समान वाटली तर प्रत्येकाला जेमतेम १५ सेकंद मिळतात. आणि ती समान वाटली जात नाहीत, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. पुढच्या बाकावरची चार हुशार मुले हात वर करतात, उत्तरे देतात, तास पुढे सरकतो. मागे बसलेल्या, अबोल, घरी कोणी शिकलेले नसलेल्या मुलाला कित्येक दिवस स्वतःचे एक पूर्ण वाक्य बोलण्याची वेळ येत नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरते. कारण 'गप्प बस' हा पाठ त्यांना घरीही मिळालेला असतो.

विशेष म्हणजे फ्लँडर्स यांचा हा तक्ता आपल्याकडील बी.एड.च्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे शिकवला गेला. भावी शिक्षकांनी तो पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. बहुतेकांना तो व्याख्यान पद्धतीनेच शिकवला गेला असेल, तर त्याचा परिणाम वर्गात का दिसला नाही, हे वेगळे सांगावयास नको.

गीतेतील संवाद

यावर काही जण म्हणतील की, गुरूने सांगावे आणि शिष्याने ऐकावे, हीच आपली परंपरा आहे. विद्यार्थ्याने बोलावे हा पाश्चात्त्य आग्रह आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती परंपरा एकदा नीट पाहणे आवश्यक आहे. प्रश्नोपनिषदाचे नावच प्रश्नावरून पडले आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना प्रथम वर्षभर व्रतस्थ राहावयास सांगतात आणि मग हवे ते विचारा म्हणतात. त्या ग्रंथाची सारी रचना शिष्यांच्या सहा प्रश्नांवर उभी आहे. कठोपनिषदातील नचिकेता तर प्रत्यक्ष यमाकडून मिळणारी प्रलोभने नाकारतो आणि आपला प्रश्न सोडीत नाही.

भगवद्गीतेचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रचलित गणनेनुसार गीतेच्या ७०० श्लोकांपैकी ५७४ श्रीकृष्णांच्या, ८४ अर्जुनाच्या, ४१ संजयाच्या आणि १ धृतराष्ट्राच्या मुखी आहे. म्हणजे केवळ मिनिटे मोजणाऱ्याने हा 'तास' तपासला तर गुरूने ८० टक्क्यांहून अधिक वेळ घेतला, असा शेरा तो मारील. तरीही गीतेला कोणी एकतर्फी व्याख्यान म्हणत नाही. तिला संवादच म्हणतात. याचे कारण तिच्या रचनेत आहे. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण एखाद्या ओळीपलीकडे काही बोलत नाहीत. अर्जुन आपली व्यथा, आपले युक्तिवाद, आपला गोंधळ सारा ओतून टाकतो आणि गुरू ऐकत राहतो. उपदेश सुरू होतो तो शिष्याने आपले अज्ञान स्वतःच्या शब्दांत मांडल्यानंतर. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन सरळ तक्रार करतो की, या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते आहे, नेमके एक काय ते सांगा. चौथ्या अध्यायात तो गुरूच्या विधानावरच शंका घेतो. सहाव्या अध्यायात 'मन आवरता येत नाही' ही अडचण तो पुढे करतो, आणि श्रीकृष्ण ती अडचण खरी असल्याचे प्रथम मान्य करतात व मगच उपाय सांगतात. अखेरीस, एकाग्रतेने ऐकलेस ना, मोह गेला ना, असे विचारून ते शिष्याला त्याच्या शब्दांत उत्तर देण्याची संधी देतात. तत्पूर्वी 'सर्व विचार करून तुला योग्य वाटेल ते कर' असे स्वातंत्र्यही त्यांनी दिलेले असते.

याच गीतेने ज्ञानप्राप्तीचे जे मार्ग सांगितले त्यांत प्रणिपात आणि सेवा यांच्याबरोबर परिप्रश्नही आहे. आपल्या शाळांनी प्रणिपात ठेवला, सेवाही काही अंशी ठेवली आणि मधला परिप्रश्न मात्र गाळून टाकला. महाराष्ट्राला तर हे अधिक लागू पडते. ज्ञानेश्वर माउली नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात. ऐकणाऱ्याच्या अवधानावर सांगणाऱ्याचे बोलणे फुलते, ही जाण आपल्या मातीत सातशे वर्षांपूर्वीपासून आहे.

विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलून शिकावे, ही कल्पनाही आयात केलेली नाही. उलट ती येथून निर्यात झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळील एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने एतद्देशीय शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. त्याने आपल्या शाळेत ती रीत आणली आणि थोडी शिकलेली मुले इतरांना शिकवू लागली. बेलने १७९७ साली हा प्रयोग इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला आणि 'मद्रास पद्धती' या नावाने तो तेथे पसरला. पुढे तिचे यांत्रिक कवायतीत रूपांतर झाले, हा भाग वेगळा. परंतु बरोबरीच्या मुलाला समजावून सांगताना सांगणाऱ्याचे ज्ञानही पक्के होते, हे आपल्या पंतोजींना ठाऊक होते.

दुसरे टोक

एक टोक हे. दुसरे टोक गेल्या दोन दशकांत पुढे आले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि भयमुक्त, कृतिप्रधान शिक्षणाला कायद्याचे बळ मिळाले. नीरेपलीकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले, आणि ते पाहण्यासाठी महाराष्ट्रभरातून शिक्षक तेथे गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला. सरकारी शाळेतील मूलही आत्मविश्वासाने बोलू शकते, हे या प्रयत्नांनी दाखवून दिले. त्याचे श्रेय देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

परंतु चांगल्या कल्पनेचा प्रसार होताना तिचे कलेवर आधी पोहोचते आणि प्राण मागे राहतो. फरशीवर आकडे आणि अक्षरे रंगवणे सोपे होते, म्हणून ते गावोगाव झाले. मुलाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून त्यावर पुढचा प्रश्न उभारणे कठीण होते, म्हणून ते क्वचितच झाले. शिक्षकाला 'सुलभक' हे नाव मिळाले आणि शिक्षकाने बोलूच नये, असा अर्थ काही ठिकाणी काढला गेला. मुलांचे गट पाडायचे, गटात एका हुशार मुलाने लिहायचे, बाकीच्यांनी पाहत बसायचे आणि गुरुजींनी तेवढ्या वेळात माहितीचे तक्ते भरायचे, यालाही कृतियुक्त शिक्षण म्हटले जाऊ लागले.

हे मौन पहिल्या मौनापेक्षा कमी घातक नाही. किंबहुना ते अधिक अन्यायकारक आहे. पुण्यातील सुशिक्षित घरातील मुलाचा शिक्षक गप्प राहिला तर त्या मुलाचे फारसे बिघडत नाही. घरी पुस्तके असतात, आई-वडील समजावून सांगतात, आजोबा गोष्ट सांगतात. डोंगरातील वाडीवरून पायी येणाऱ्या मुलाजवळ यांतले काहीच नसते. अपूर्णांक म्हणजे काय, राजगड राजधानी का झाला, पाऊस घाटमाथ्यावर अधिक का पडतो, हे त्याला सांगू शकणारी व्यक्ती बहुधा त्याच्या आयुष्यात एकच असते, आणि ती म्हणजे शिक्षक. त्या शिक्षकाने बोलण्याचा आपला धर्म सोडला तर ते मूल उपाशी राहते. उत्तम रीतीने समजावून सांगणे, रसाळ गोष्ट सांगणे, अवघड कल्पना सोपी करणे ही शिक्षकाची विद्या आहे. कीर्तनकार दोन घटका एकटाच बोलतो, पण श्रोता कंटाळत नाही, कारण त्याच्या मनातील शंकेला हात घालीत आख्यान पुढे जाते. असे बोलणारा शिक्षक वर्गाचे वैभव असतो.

तेव्हा तोल म्हणजे मिनिटांची समान वाटणी नव्हे. तासाची वीस मिनिटे शिक्षक बोलला की दहा, हा प्रश्न दुय्यम आहे. खरी कसोटी अशी आहे की, विद्यार्थ्याच्या बोलण्यामुळे शिक्षकाचे पुढचे वाक्य बदलले का? मुलाने काही म्हटल्यावरही शिक्षकाने जे आधी ठरवले होते तेच तो बोलत राहिला, तर मुलाचे बोलणे ही केवळ औपचारिकता ठरते. फ्लँडर्सच्या तक्त्यातही 'विद्यार्थ्याची कल्पना स्वीकारून तिचा उपयोग करणे' आणि 'विद्यार्थ्याने आपण होऊन बोलणे' असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे वेगळे आणि स्वतःहून शंका काढणे वेगळे. वर्गाचे आरोग्य या दोन प्रकारांच्या नोंदींवरून ओळखावे.

मावळातील एक पाठ

हे प्रत्यक्षात कसे घडेल? समजा, किकवीसारख्या गावातील चौथीच्या वर्गात शिवचरित्राचा पाठ आहे. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत, मधोमध बालेकिल्ला आहे, रायगडापूर्वी हीच स्वराज्याची राजधानी होती, ही माहिती शिक्षक दहा मिनिटांत सांगू शकेल, मुले ती वहीत उतरवतील आणि विसरतील. त्याऐवजी त्याने प्रथम एवढेच विचारावे: 'राजांनी राजधानीसाठी इतका अवघड डोंगर का निवडला असेल?' आणि थांबावे.

हे थांबणे सर्वांत कठीण असते. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी वर्गातील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. उत्तर आले नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देतो. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, अधिक मुले बोलू लागली, उत्तरच न येण्याचे प्रसंग घटले आणि मुले स्वतःहून प्रश्नही विचारू लागली. तीन सेकंदांना पैसा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, संगणक लागत नाही. लागतो तो फक्त संयम.

त्यानंतर शेजारी बसलेल्या दोघांनी तीन मिनिटे आपसांत बोलावे. या तीन मिनिटांत वर्गात १५ जोड्या एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला दीड मिनिट येते. संपूर्ण तासात मिळणाऱ्या १५ सेकंदांच्या हे सहापट आहे. थोडा गलबला होईल. मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी त्या गलबल्याला बेशिस्त समजू नये. चूप बसलेला वर्ग शिस्तीचा असतोच असे नाही. कामात गुंतलेल्या वर्गाचा गुंजारव वेगळा आणि हुल्लड वेगळी, हे अनुभवी कानाला कळते.

आता एखादा मुलगा उठून म्हणेल, 'वर चढाय येळ लागतो, तवर वरून दिसतंया.' दुसरी मुलगी विचारील, 'पन वर पानी कुठनं आणायचं?' या क्षणी शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. 'पानी नाही, पाणी म्हण' असे तो म्हणाला तर मुलीचे उच्चार कदाचित सुधारतील, परंतु तिचा प्रश्न मरेल आणि पुढच्या वेळी ती हात वर करणार नाही. 'फार चांगले विचारलेस. गडावर पाणी कोठून येत असेल?' असे तो म्हणाला तर तिने शुद्ध रूपही ऐकले आणि तिचा मानही राहिला. मग पद्मावती माचीवरील तळ्याविषयी, गडावरील टाक्यांविषयी तो जे सांगेल, ते मुले प्राण कानात आणून ऐकतील. कारण आता ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असते. गुंजवणी, वेळवंडी आणि कानंद खोऱ्यांवर नजर ठेवणारे गडाचे स्थान, शत्रूच्या फौजेला त्या वाटांवर येणारी अडचण, मावळ्यांना असलेली रानाची ओळख हे सारे शिक्षकाने सांगावे, मनसोक्त सांगावे. दहा मिनिटेच बोलायचे आहे, पण ती भूक लागलेल्या श्रोत्यांपुढे.

प्रमाण भाषा शिकवायची नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ती शिकवलीच पाहिजे, अन्यथा या मुलांची पुढची दारे बंद होतील. परंतु लेखन, वाचन आणि पाठांतर यांचे तास त्यासाठी आहेत. विचार बाहेर येत असताना त्याच्या पायात व्याकरणाची बेडी अडकवू नये. जी गोष्ट बोलीची, तीच माध्यमाचीही. महामार्गालगतच्या गावांतून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या सकाळी भरून जातात. घरी तावातावाने भांडणारे मूल तेथे उत्तर ठाऊक असूनही गप्प बसते, कारण उत्तराआधी त्याला भाषा शोधावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. ज्या भाषेत मूल शंका काढू शकते त्या भाषेत त्याची बुद्धी वाढते, हे मध्यमवर्गीय पालकांनीही शाळा निवडताना ध्यानी घ्यावे.

संख्येचा प्रश्न

या चर्चेला भोर-वेल्ह्यात आणखी एक पदर आहे. येथील डोंगरी वाड्यांवरील अनेक शाळांचा पट अगदी लहान असतो. कोठे चार इयत्तांना मिळून दोन शिक्षक, तर कोठे इयत्तेत एकच मूल. वेल्हे, म्हणजे आजच्या राजगड तालुक्यातील पानशेत येथे आसपासच्या लहान शाळांतील मुलांना एकत्र आणून समूह शाळा सुरू झाली. २०२३ साली शिक्षण विभागाने समूह शाळांचा विचार पुढे मांडला, तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळबरोबर पानशेतचाही दाखला दिला. त्यावर बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. प्रवास, मुलींची सुरक्षितता, गावातून शाळा जाण्याचे दुःख हे मुद्दे रास्तच आहेत.

या वादात बोलण्याच्या तोलाचाही विचार व्हावयास हवा. ज्या इयत्तेत एकच मूल आहे, तेथे त्याला बरोबरीच्या मुलाशी वाद घालता येत नाही, हे खरे. परंतु त्याच शाळेत प्रत्येक मुलाचे बोलणे शिक्षकाच्या कानी पडू शकते, आणि मोठे मूल लहानाला समजावून देऊ शकते, हेही तितकेच खरे. उलट मोठ्या शाळेत सोबती भरपूर मिळतात, पण बोलण्याची पाळी येईलच याची हमी नसते. म्हणून शाळा लहान असो वा मोठी, तेथे गेलेले मूल दिवसातून किती वेळा स्वतःचे वाक्य बोलते, ही विचारणा गावाने केली पाहिजे. इमारत, बस आणि संगणक यांच्या यादीत या प्रश्नाला जागा मिळाली पाहिजे.

शिक्षकांच्या अडचणी येथे विसरून चालणार नाही. निवडणुकीची कामे, जनगणना, रोज मागवली जाणारी माहिती आणि संपवायचा अभ्यासक्रम या ओझ्याखाली शिक्षक घाईने बोलतो, कारण बोलून टाकणे हाच धडा 'संपवण्याचा' सर्वांत जलद मार्ग असतो. ओझ्याविना शिक्षणाचा विचार प्रा. यशपाल समितीने १९९३ सालीच मांडला होता. शिक्षकाकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्या शासनाने त्याला वेळही दिला पाहिजे. आणि त्याच्या प्रशिक्षणातही दिवसभर व्याख्याने ऐकवण्याऐवजी त्याला बोलते केले पाहिजे. ज्याचे कोणी ऐकून घेतले नाही, तो दुसऱ्याचे ऐकून घेण्यास कसा शिकणार?

समाजाचा वाटा

हा विषय केवळ शाळेचा नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरवण्याची पद्धत आहे. गावाचे भवितव्य ठरवणाऱ्या या सभेत किती जण बोलतात? चार-पाच सराईत वक्ते बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर पारावर बोलतात. ही ग्रामसभा आपल्या वर्गाचीच मोठी आवृत्ती आहे. पुढच्या बाकावरची चार मुले तेथेही बोलतात आणि मागचा बाक तेथेही गप्प असतो. ज्याने दहा वर्षे शंका गिळली, तो नागरिक झाल्यावर हिशेब विचारील, अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

याच परिसराने या मौनावरचा उपायही पाहिला आहे. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी भोर-वेल्ह्याच्या गावांत महिलांचे बचत गट उभे केले. अशा गटाच्या बैठकीत स्त्रिया गोल करून बसतात, प्रत्येकीला आपले नाव सांगावे लागते, आपली अडचण मांडावी लागते, कर्जाचा हिशेब सर्वांसमक्ष द्यावा लागतो. ज्या कधी उंबऱ्याबाहेर बोलल्या नव्हत्या, त्या अशा बैठकांतून बँकेच्या अधिकाऱ्याशी बोलू लागतात. त्यांना वक्तृत्वाचे धडे कोणी देत नाही. बोलण्याची पाळी, ऐकून घेणारे कान आणि चुकले तरी हसणार नाही असा भरवसा, एवढे तीनच घटक तेथे असतात. आईला जे बचत गटात मिळते, ते मुलाला वर्गात मिळाले पाहिजे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आणि सुजाण पालकांनी यासाठी पुष्कळ करण्यासारखे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत केवळ रंगरंगोटीचा आणि पटसंख्येचा हिशेब न घेता, मुले प्रश्न विचारतात का, याची चौकशी करावी. संस्कार वर्ग, अभ्यासिका, वाचनालये चालवणाऱ्यांनी आपल्याही उपक्रमांत किती वेळ मोठे बोलतात आणि किती वेळ मुले, हे प्रामाणिकपणे मोजून पाहावे. कथा सांगून झाल्यावर तात्पर्य स्वतः न सांगता मुलांना विचारावे. घरी जेवताना 'आज काय शिकवले?' या प्रश्नाबरोबर 'आज तू काय विचारलेस?' हाही प्रश्न करावा. आणि मुलाने मोठ्यांच्या बोलण्यावर शंका काढली तर तिला उद्धटपणा समजण्यापूर्वी क्षणभर थांबावे. नम्रतेने विचारलेली शंका हा आदराचाच एक प्रकार आहे. अर्जुनाने शंका काढल्या म्हणून त्याचे शिष्यत्व उणे झाले नाही.

कान्होजी जेधे, बाजी पासलकर, बाजीप्रभू देशपांडे ही मावळातील माणसे होती. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण मुलांना सांगतो, त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु त्या कथा ऐकून भारावलेल्या मुलाला 'तू असतास तर काय केले असतेस?' असे विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणारा शिक्षक त्याला भेटला, तरच त्या कथेतील स्वाभिमान त्याच्या अंगी उतरेल. शिक्षकाने जरूर बोलावे, तळमळीने आणि तयारीने बोलावे. आणि मग तितक्याच तळमळीने थांबून, मागच्या बाकावरून येणाऱ्या चाचरत्या आवाजाकडे कान द्यावा. तो आवाज आज वर्गात उमटला तर उद्या गावात उमटेल.